म्हणे पर पीस बघा!

"सर, टोटल बघू नका. पर पीस बघा ना."

गेल्या दोन महिन्यांत हे वाक्य मी तीन दुकानांत ऐकलं. लोअर परळला ऐकलं, घाटकोपरला ऐकलं आणि गेल्या रविवारी बोरिवलीला तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकंच सरकलं. काउंटरवरच्या पोराची काही चूक नाही, त्याला पढवलंय तेच तो बोलणार. पण हे पढवणारे जे कोण आहेत, त्यांनी एकदा माझ्यासमोर येऊन बसावं.

विषय आहे लेगोच्या, म्हणजे प्लॅस्टिकचे सुटे तुकडे जोडून बनवायच्या खेळण्यांमधल्या, मोठ्या गाड्यांचा. माझा भाचा दहा वर्षांचा आहे आणि त्याला वाढदिवसाला लाल फेरारी हवी होती. लेगोच्या टेक्निक नावाच्या मालिकेतली डेटोना एसपी३, १:८ मापाची, ३,७७८ तुकडे. २०२२ मध्ये ती आली तेव्हा अमेरिकेत तिची किंमत ४०० डॉलर होती. इथे काउंटरवर मला जो आकडा सांगितला, तेवढे पैसे घरखर्च जाऊन माझ्या हातात चार महिन्यांतही उरत नाहीत. मी गप्प झालो, तर भाचा म्हणाला, "मामा, तू प्लॅस्टिकच्याच कंपनीत आहेस ना? तुला स्वस्तात मिळेल की."

त्या पोराला मी काय सांगणार होतो?

वीस वर्षं झाली, मी वसईला मोल्डिंगच्या गाळ्यात काम करतोय. बाटल्यांची झाकणं, स्विचच्या प्लेटा, मिक्सरची बटणं. हॉपरमध्ये दाणा टाकायचा, तो वितळून दाबाने डायमध्ये, म्हणजे साच्यात शिरतो, थंड होतो, डाय उघडते, माल खाली पडतो. लेगोच्या विटाही अशाच निघतात, मशीन भारीतली असते एवढाच फरक. त्यांच्या विटेचं मुख्य प्लॅस्टिक १९६३ पासून एबीएस आहे. तोच एबीएसचा दाणा आम्हीही वापरतो आणि तो किलोला शेकड्यांत मिळतो, हजारांत नाही. आमच्याकडे पार्टी आली की नगामागे पाच पैशांवरून शेठशी अर्धा तास हुज्जत घालते. पाच पैसे! आणि मला त्या काउंटरवर सांगतात की तुकड्यामागे आठ-नऊ रुपये म्हणजे काहीच नाही. तो आठ-नऊ रुपयांचा हिशोबसुद्धा अमेरिकेतल्या भावाने बरं का, ४०० डॉलर भागिले ३,७७८. इथल्या भावाने तो अजून वर जातो.

आता कोणी म्हणेल, दाणा स्वस्त असला तरी डाय महाग असते. असते. हे मला कोणी सांगायला नको. आणि लेगोच्या डायच्या कामाला मी मनापासून मानतो. १९५८ साली डेन्मार्कच्या बिलुंडमधल्या या कंपनीने ज्या विटेचं पेटंट घेतलं, त्या काळातली वीट आजच्या विटेवर बसते. घट्ट बसते आणि पोराच्या हाताने सुटतेही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचाही फरक चालत नाही अशा मापात कोट्यवधी नग काढायचे, एकावर फ्लॅश, म्हणजे कडेला सुटलेली पापडी नाही, एकही शॉर्ट, म्हणजे अर्धवट भरलेला नग नाही, हे काय असतं ते ज्याने रात्रपाळीला मशीनसमोर उभं राहून रिजेक्शनचे ढीग पाहिलेत त्यालाच कळतं. मी साधी २ बाय ४ खुंट्यांची वीट हातात घेतो तेव्हा तिच्या कडेवरून अंगठा फिरवून बघतो. कामच तसं आहे. त्या विटेला ते जास्त पैसे मागतात, मी देईन. मला भांडायचंय ते विटेशी नाही.

मला भांडायचंय ते या "पीस"शी. पीस म्हणजे काय धरता तुम्ही? त्या मोठ्या गाड्यांच्या डब्यात विटा नसतातच जवळजवळ. पट्ट्या असतात, गिअर असतात, दांडे असतात, बाहेरचे पत्रे असतात, आणि पिना असतात. नखाएवढ्या पिना, शेकड्यांनी. काळी पिन, निळी पिन, तपकिरी पिन, दांड्यावर बसणारी कडी म्हणजे बुश. दोन पट्ट्या जोडायला पिन लागते, म्हणजे आमच्या भाषेत तो नट-बोल्ट झाला. कपाट विकताना कोणी खिळे मोजून किंमत सांगतं का? सुताराने उद्या येऊन सांगितलं की साहेब, कपाटात ६०० स्क्रू आहेत, पर स्क्रू बघा, तर आपण त्याला दारात तरी उभं करू का? इथे मात्र शिकलेली माणसं मान डोलावतात, पर पीस दहा सेंट, म्हणजे डील चांगलं आहे. अरे, चाकाचा टायरही एक पीस आणि तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा बुशही एक पीस. दोघांना एका तराजूत घालणारा हिशोब ग्राहकाच्या सोयीचा कसा असेल?

आणि या हिशोबाची गंमत वाटत नाही मला, चीड येते, कारण तो सगळं झाकतो. २०१६ ची पोर्शे ९११ जीटी३ आरएस: २,७०४ तुकडे, ३०० डॉलर. २०१८ ची बुगाटी शिरॉन: ३,५९९ तुकडे, ३५० डॉलर. २०२० ची लॅम्बोर्गिनी सियान: ३,६९६, ३८० डॉलर. मग ही फेरारी. २०२४ ची मॅकलॅरेन पी१: ३,८९३ तुकडे, ४५० डॉलर. तुकड्यामागचा भाव दहा-अकरा सेंटच्या आसपासच फिरतो, म्हणून सगळे म्हणतात महागाई झालीच कुठे. पण माणूस तुकडा विकत घेत नाही, गाडी घेतो! आठ वर्षांत एका गाडीचे ३०० चे ४५० झाले. तुकडे वाढवले की किंमत वाढवायला वाट मोकळी, आणि तुकडे कोण वाढवतं? तेच.

बरं, एवढे पैसे मोजून गाडी करते काय? पिस्टन वरखाली होतात, आठ गिअरचा बॉक्स आहे, स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर पडतात, दारं उघडतात. छान आहे. खरंच छान आहे, तो गिअरबॉक्स ज्याने आखला त्याला माझा नमस्कार. पण मोटर नाही. या पाचांपैकी एकाही गाडीच्या डब्यात मोटर नाही. हाताने ढकलायची, मग पिस्टन हलणार. आणि तो गिअरबॉक्स, ज्याच्यासाठी दोन दिवस बसून दात मोजत गिअर लावायचे, तो वरचे पत्रे बसले की झाकला जातो. पोराला तो पुन्हा दिसतसुद्धा नाही.

१९९४ मध्ये याच कंपनीने एक गाडी काढली होती, नुसतं नाव "सुपर कार", नंबर ८८८०. कुठल्याही गाडी कंपनीचा बिल्ला नाही. १,३४३ तुकडे. त्यात चारही चाकांना ड्राइव्ह, चारही चाकांना स्टिअरिंग, चार गिअर, व्ही८ इंजिन. पत्रे जवळजवळ नव्हतेच, सगळा सांगाडा उघडा, त्यामुळे काय कशाला फिरवतंय ते डोळ्यांना दिसायचं. म्हणजे ज्याला शिकायचंय त्याच्यासाठी गाडी कशी करायची ते यांना तीस वर्षांपूर्वीच येत होतं. आज गाडीवर फेरारीचा घोडा लावला, लॅम्बोर्गिनीचा बैल लावला, की खोका मोठा, आत प्रत्येक गाडीचा वेगळा सिरीयल नंबर, आणि आपण एका इटालियन कंपनीची जाहिरात आपल्या पैशाने आणून आपल्या घरात ठेवायची. त्या बिल्ल्याचे किती पैसे माझ्या बिलात आहेत, ते लिहा ना खोक्यावर.

घरात ठेवायची म्हटलं तर कुठे, तेही सांगा. ती फेरारी ५९ सेंटिमीटर लांब आहे. माझी बहीण गिरणी कामगारांना म्हाडाने दिलेल्या २२५ फुटांच्या घरात राहते, सासरे गिरणीत होते म्हणून मिळालेलं घर. टीव्हीखालच्या फळीवर ती गाडी ठेवली तर पोराची दप्तरं-पुस्तकं जमिनीवर. आणि समोर रस्ता खणलेला, सकाळी पुसलेली फळी संध्याकाळी काळी.

छोट्या गाड्या घ्या म्हणतात, स्पीड चॅम्पियन्स. तिथेही तेच. २०२१ ची टोयोटा सुप्रा २९९ तुकड्यांची, २० डॉलर. २०२३ ची पोर्शे ९६३ तुकडे २८०, किंमत २५ डॉलर. इथे तर पर पीससुद्धा सांभाळलं नाही, तेव्हा मात्र तो हिशोब कोणी काढत नाही. आणि त्यातले दिवे, नंबर, पट्टे बरेचसे स्टिकर. डायमध्ये जगात पहिला नंबर असलेल्या कंपनीने तुकड्यावर छापून द्यायचं सोडून पोराच्या हातात स्टिकर द्यावा? दहा वर्षांच्या मुलाकडून तो अर्धा मिलिमीटर तिरका लागणारच. उचलून पुन्हा लावला की चिकटपणा गेला. त्यातून आपली हवा. जुलैत कुठलाही स्टिकर कडेने उठतो, हे मुंबईत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

खर्च वाढलेत म्हणून भाव वाढलेत, असं म्हणायचीही सोय नाही. २०२४ मध्ये लेगोची विक्री होती ७४.३ अब्ज डॅनिश क्रोन आणि कामकाजाचा नफा १८.७ अब्ज. म्हणजे शंभराच्या मालात पंचवीस. आमच्या शेठला शंभरात आठ सुटले तर तो सत्यनारायण घालतो.

मग येते ड्युटी. "सर, हे सगळं ड्युटीमुळे." २०२० मध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ मध्ये ७० वर. २०२१ पासून बीआयएसचा, म्हणजे सरकारी दर्जा-तपासणीचा शिक्का सक्तीचा झाला. यातल्या शिक्क्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, पोरं तोंडात घालतात त्या प्लॅस्टिकमध्ये काय आहे हे तपासलंच पाहिजे. ड्युटीचाही हेतू मला कळतो, आमच्यासारख्या गाळ्यांना त्यामुळे कामं येतात. पण लेगोच्या तोडीचं इथे कोणी अजून काढत नाही, आणि त्यांचे कारखाने डेन्मार्क, हंगेरी, चेक, मेक्सिको, चीन, व्हिएतनाममध्ये. म्हणजे भार सगळा पोराच्या बापावर. तरीसुद्धा एक गोष्ट लक्षात ठेवा: ड्युटी बंदरावर आलेल्या मालाच्या किमतीवर लागते, मॉलमधल्या एमआरपीवर नाही. मधल्या सगळ्यांनी आपापलं मार्जिन त्या चढलेल्या आकड्यावर लावायचं आणि विचारलं की बोट सरकारकडे दाखवायचं, हे मला मान्य नाही.

आणि ज्यांच्यामुळे हे सगळं चालतं त्यांच्यावर तर माझा सगळ्यात जास्त राग आहे. असेच एक गृहस्थ एका काउंटरवर भेटले. दोन खोके घेतले. एक बांधणार, एक सीलबंद ठेवणार, "कंपनीने काढायचा बंद केला की भाव डबल होतो." सोनं आहे का ते? पोरांनी बांधायच्या वस्तूचा खोका प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर! अशी गिऱ्हाइकं असल्यावर कंपनी कशाला भाव उतरवेल?

मोठा डबा मी घेतला नाही. अब्दुल रहमान स्ट्रीटला जाऊन नकली घ्यायचा सल्लाही चौघांनी दिला, तोही ऐकला नाही. विटेचं पेटंट केव्हाच संपलंय, २०१० मध्ये युरोपच्या कोर्टाने विटेचा आकार ट्रेडमार्क होऊ शकत नाही असंही सांगितलं, त्यामुळे तशी वीट कोणीही राजरोस काढावी. पण दुसऱ्याने आखलेली आख्खी गाडी आणि तिचं पुस्तक उचलणं म्हणजे चोरी. डाय कॉपी झाल्यावर काय होतं ते मी जवळून पाहिलंय.

शेवटी साध्या रंगीत विटांचा डबा घेतला, बिल्ला नाही, पुस्तकात दाखवलंय तेच करायची सक्ती नाही. भाच्याचं तोंड आधी उतरलं. मग दोन दिवस तो जमिनीवरून उठला नाही. बेस्टची डबलडेकर केली त्याने, जिना मागच्या बाजूला, बरोबर जागेवर. खालचा मजला लाल झाला, वरच्याला लाल विटा संपल्या, म्हणून वरचा निळा-पिवळा.

रविवारी मी त्याला घेऊन बोरिवलीला गेलो होतो ते त्यासाठीच. चाळीस लाल विटा हव्या होत्या, सुट्या. म्हटलं, काय असेल तो पर पीस भाव सांगा, देतो.

"सर, सुट्या येत नाहीत. अजून एक डबा घ्यावा लागेल."