वाळू आणि राख इंजिनात ‘जळून’ जात नाही

कुठेही ज्वालामुखी पेटला की एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. जेट इंजिनात दीड हजार अंश तापमान असतं, तिथे वाळू आणि राख जळून जाते, उरलंसुरलं पाण्याने धुतलं की संपलं. २०१० मध्ये आइसलँडच्या राखेपायी युरोपने जवळपास आठवडाभर विमानं उगाच जमिनीवर ठेवली, असा त्याचा सूर. शिकलेली माणसंही तो पुढे पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘जळून जाते.’ वाळू आणि ज्वालामुखीची राख ही मुख्यतः सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची संयुगं. सिलिकॉनशी ऑक्सिजन आधीच जोडला गेलेला आहे, जळायला काही शिल्लकच नाही. ती वितळते. राखेत तर बरीचशी काचच असते, आणि ती हजार-अकराशे अंशांच्या आसपासच चिकट होते. थंड इंजिनातून कोरडा कण निसटून गेला असता. तापलेल्या इंजिनात तोच पाकासारखा टर्बाइनच्या, म्हणजे गरम वायूने फिरणाऱ्या चक्राच्या, पात्यांना चिकटतो. ज्या उष्णतेवर भरवसा ठेवायला सांगतात, तीच घात करते.

‘इतक्या उष्णतेत पाती टिकतात, मग धुळीने काय होणार?’ सगळा घोळ इथे आहे. पाती स्वतःच्या बळावर टिकतच नाहीत. ती निकेलच्या मिश्रधातूची असतात आणि साडेतेराशे अंशांच्या आसपास तो धातू वितळतो. भोवतीचा वायू त्याहून गरम, आधुनिक इंजिनात पंधराशे अंशांच्या वर. म्हणून कॉम्प्रेसरमधली, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या भागात दाबलेली, बरीचशी हवा, ढोबळमानाने पाचवा हिस्सा, ज्वलनकक्षात न नेता थेट पोकळ पात्यांत सोडतात. ही ‘थंड’ हवासुद्धा सहा-सातशे अंशांची असते. ती आतल्या नागमोडी वाटांनी फिरते आणि जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांतून बाहेर पडून पात्यावर पातळ पदरासारखी पसरते. धातू आणि आग यांच्यामध्ये हा पदर आणि झिर्कोनिया या उष्णता अडवणाऱ्या पदार्थाचा एक लेप, एवढंच असतं.

आता त्या हवेबरोबर बारीक धूळ येते. ती आत भिंतींवर बसते, छिद्रांची तोंडं अरुंद करते. हवा कमी, पदर विस्कटलेला, धातू तापलेला. धातूचं तापमान पंचवीस-तीस अंशांनी वाढलं तरी पात्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. शिवाय वितळलेली काच लेपाच्या बारीक फटींत मुरते, इंजिन थंड झालं की कडक होते आणि लेपाचे पोपडे निघतात.

‘थर बसला तर तो उष्णतारोधकच ना?’ हा प्रश्न विचारणारा विचार करतो आहे, त्याला नीट उत्तर द्यायला हवं. बाहेरचा थर उष्णता थोडी अडवतो, हे खरं. पण तो खडबडीत असतो. खडबडीत पृष्ठभागावर वायूची घुसळण वाढते, उष्णता जास्त शिरते, आणि छिद्रांतून येणारी हवा पृष्ठभागाला धरून राहत नाही. आतला थर तर चुकीच्या बाजूचं पांघरूण आहे: तो धातूला थंड हवेपासूनच तोडतो.

‘धुतलं की झालं.’ पाण्याने कॉम्प्रेसर धुतात, त्याचा उपयोगही होतो. पात्यावर थिजलेली काच मात्र पाण्यात विरघळत नाही.

‘१९८२ मध्ये चारही इंजिनं पुन्हा सुरू झाली होती.’ झाली होती. लंडनहून मुंबई, मद्रास, क्वालालंपूर करत ऑकलंडकडे निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं ७४७ विमान २४ जूनच्या रात्री इंडोनेशियातल्या जावाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि अडीचशेहून अधिक माणसांसह इंजिनांविना खाली येऊ लागलं. बंद पडलेली इंजिनं गार झाली, काच ठिसूळ होऊन बरीचशी तुटून पडली, म्हणून ती पेटली. याला राखेच्या निरुपद्रवीपणाचा पुरावा म्हणणं मला पटत नाही.

२०१० बद्दल एक गोष्ट मान्य करतो: हवेत किती राख चालेल याची मर्यादा तोवर ठरलेली नव्हती, ती बंदीच्या काळात घाईने ठरवावी लागली. त्यावरची टीका रास्त आहे. पण धोका कल्पित नव्हता. त्याच एप्रिलमध्ये फिनलंडच्या हवाईदलाने आपल्या हॉर्नेट लढाऊ विमानांच्या इंजिनांतल्या वितळलेल्या राखेची छायाचित्रं प्रसिद्ध केली होती.

‘बिघाड असता तर वैमानिकाला कळलाच असता.’ फेब्रुवारी २००० मध्ये नासाचं डीसी-८ हे संशोधन-विमान आइसलँडच्या हेक्ला ज्वालामुखीच्या विरळ राखेतून गेलं. राख असल्याचं विमानातल्या संशोधन-उपकरणांनी टिपलं. वैमानिकांना ना काही दिसलं, ना इंजिनाच्या काट्यांत फरक जाणवला. नंतर बोरस्कोप, म्हणजे इंजिनाच्या आत डोकावायची दुर्बीण, आत घातला तेव्हा पात्यांची छिद्रं बुजलेली आणि धातू उष्णतेने खराब झालेला आढळला. चारही इंजिनं दुरुस्तीला पाठवावी लागली.