टेबलाचं म्हातारपण

मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर एका जुन्या टेबलाची किंमत ऐकून बायको म्हणाली, "अहो, त्यापेक्षा नवं घेऊन घरीच जुनं करू." आमच्या घरात नव्या वस्तू आपल्या आपण जुन्या होतात, हे मी मनातच ठेवलं.

पाइनचं कोरं टेबल आलं. लाकूड काळपट करायला व्हिनेगरमध्ये स्टील वूल, म्हणजे बारीक लोखंडी तारांचा पुंजका, रात्रभर भिजत घालायचं. भांड्यांची घासणी चालत नाही, ती स्टेनलेस. व्हिनेगरला दाद देत नाही. झाकणही घट्ट लावायचं नाही, आत हायड्रोजन धरतो. आईने ओट्यावरची ती बरणी हुंगली आणि "लोणचं नासलंय" म्हणत मोरीत ओतली. पुढची बरणी बाल्कनीत, कुंड्यांच्या मागे. लोखंडाशी मिळून लाकूड काळं पाडणारा तुरट अंश म्हणजे टॅनिन. पाइनमध्ये तो कमी, म्हणून लाकडाला आधी कडक कोरा चहा पाजायचा. मग हे लोखंडी पाणी फिरवलं की बघता बघता ते करडं पडतं. पडलंही. त्या सकाळी टेबलाचा चहा माझ्याआधी झाला.

पायांना तपकिरी रंग, कडांवर मेणबत्ती घासायची, वरून पांढरा. मेणावर रंग धरत नाही. 120 नंबरचा पॉलिश पेपर मारला की खालचा तपकिरी डोकावतो.

मग किडीची भोकं. शाळेत कर्कटकाने बाकाला भोकं पाडली म्हणून मी अंगठे धरून उभा राहिलेला माणूस. आता तेच काम दाभणाने, घरच्यांच्या देखरेखीखाली. "ओळीत नकोत हो, किडा काय पट्टी घेऊन बसतो?" मग सायकलची साखळी आपटून पोचे पाडले, तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन सगळं ठीक आहे ना, विचारून गेले. कामाच्या मावशींनी टेबल पाहिलं आणि केर काढायच्या आधीच सांगून टाकलं, "ताई, हे मी नाही केलं."

आई दोन दिवस बोलली नाही. जन्मभर टेबलावर प्लास्टिक अंथरून, पेल्याखाली बशी सरकवत आलेली बाई ती. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून खाली वाकली.

"खोटं दिसतंय. मधे कशाला घासलंस? टेबल झिजतं ते कडेला, हात टेकतात तिथे. आणि पाय तळाशी काळे कर. लादी पुसताना ओलं फडकं तिथेच लागतं."

मी निमूट तळाशी काळं केलं.

"आणि कुकरचा चट्टा?"

तो कसा पाडतात, ते मला ठाऊक नव्हतं. आई आत गेली, तीन शिट्ट्या झालेला कुकर घेऊन आली आणि थेट टेबलावर टेकवला. खाली काहीही न ठेवता.