वॉशिंग्टन आडनावाचे मूळ गाव

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घराण्याचे मूळ इंग्लंडच्या नॉर्थम्पटनशायरमधील सल्ग्रेव्ह येथे असल्याचे एका लेखात म्हटले आहे, ते मला अपुरे वाटते. सल्ग्रेव्हची जमीन लॉरेन्स वॉशिंग्टन यांच्याकडे 1539 मध्ये आली. आडनाव मात्र त्याहून साडेतीन शतके जुने असून ते इंग्लंडच्या उत्तरेकडील, तेव्हाच्या डरहॅम परगण्यातल्या वॉशिंग्टन गावावरून पडले आहे. डरहॅमच्या बिशपच्या जमिनींची जी नोंदवही 1183 साली तयार झाली, त्या बोल्डन बुकमध्ये विल्यम नावाच्या जमीनदाराला हार्टबर्न या गावाच्या बदल्यात हे गाव मिळाल्याची नोंद आहे. तोवर ‘हार्टबर्नचा विल्यम’ म्हणून ओळखला जाणारा हा माणूस पुढे ‘वेसिंग्टनचा’ (म्हणजे वॉशिंग्टनचा) विल्यम झाला. आपल्याकडे ‘कर’ लावून होणारी आडनावे डोळ्यांसमोर आणली, तर हा बदल चटकन उमगतो: गाव बदलले, तसे आडनावही बदलले. गावाच्या नावाचा इंग्रजी ‘वॉश’शी, म्हणजे धुण्याशी, काहीएक संबंध नाही. ह्वासा नावाच्या कुणा माणसाची वस्ती, असा त्याचा जुन्या इंग्रजीतला अर्थ लावला जातो. जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पणजोबा जॉन 1650 च्या दशकात अमेरिकेतील व्हर्जिनियात स्थायिक झाले. पुढे जॉर्ज यांच्या सन्मानार्थ अमेरिकेच्या राजधानीला हे नाव देण्यात आले आणि डरहॅममधले ते मूळ गाव विस्मरणात गेले, याची मला मनापासून खंत वाटते.