तिसऱ्या नियमाची जोडी चुकलीय

न्यूटनच्या तिसऱ्या नियमावरचा लेख छान, पण टेबलावरच्या पुस्तकाचं उदाहरण दुरुस्त करा. पुस्तकाचं वजन आणि टेबलाचा वरचा रेटा म्हणजे क्रिया-प्रतिक्रिया, असं तुम्ही लिहिलंय. नाही हो! ही दोन्ही बलं एकाच पुस्तकावर लागतात. तिसऱ्या नियमातली जोडी कायम दोन वेगळ्या वस्तूंवर असते. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, तिची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला तेवढ्याच बलाने वर ओढतं.

पटत नसेल तर वजनकाटा घेऊन लिफ्टमध्ये उभे राहा. नववीतल्या भाचीने आमच्या गंगापूर रोडच्या बिल्डिंगमध्ये हा उद्योग केला. (वॉचमनकाका काट्याकडे बघतच राहिले.) ४६ चा आकडा, लिफ्ट वर निघताना क्षणभर ५० ला टेकला आणि परत ४६. पोरीचं वजन तेच, रेटा वाढला. ती जोडी असती तर दोन्ही कायम सारखेच राहिले असते ना?

मधल्या मजल्यांवर, लिफ्ट एकसारख्या वेगाने जाताना, काटा ४६ च दाखवतो हे जास्त महत्त्वाचं. वेग आहे, पण निव्वळ बल शून्य. आपल्या कसारा घाटाचंही तसंच. चढ ३७ ला १ (३७ मीटर गेलं की १ मीटर वर), म्हणून गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावतात. हजार टनांच्या गाडीला चढ सुमारे २ लाख ६५ हजार न्यूटनने मागे खेचतो. इंजिनं एवढी घरघरतात ती वेग वाढवायला नाही, आहे तो टिकवायला. इगतपुरीला जाताना पोरांना हेच सांगतो, पण त्यांचं लक्ष वडापावकडे!