दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: फायरिंग का नाही आणि भिंती का ठोकायच्या

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू मी वाचला, आमच्या उस्तादांनाही, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्यांनाही, वाचून दाखवला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मॉलचे गार्ड घेऊन गोळीबारात आड घेऊन जीव वाचवण्याच्या ट्रेनिंगला दोन दिवस आलो, एकही गोळी झाडायला दिली नाही, पार्किंगमध्ये आणि पॅसेजमध्ये नुसत्या भिंती ठोकत फिरवलं, पिस्तूल वेगळं रायफल वेगळी कट्टा वेगळा असा उगाच घोळ घातला, गोळी ती गोळीच, पंचावन्नच्या पुढच्या गार्डला फरशीवर लोळवलं आणि शेवटी सर्टिफिकेटही कामाचं दिलं नाही. इथे बाकीचे लोकही वाचतात, त्यांच्या पोरांचा, स्टाफचा प्रश्न आहे, म्हणून फोनवर न बोलता इथेच सविस्तर लिहितोय.

पहिलं फायरिंगचं. तुमच्या गार्डकडे ड्युटीवर काय असतं? शिट्टी, वॉकी-टॉकी आणि मेटल डिटेक्टर. त्यांना रेंजवर नेऊन पाच-पाच राउंड मारायला दिले असते तर फोटो छान आले असते, स्टेटसला लागले असते, पण उद्या फूड कोर्टात कोणी हत्यार काढलं तर त्या पाच राउंडचा त्या माणसाला काय उपयोग? त्याच्या हातात बंदूक नसणारच आहे. त्याच्या हातात फक्त एवढंच आहे की पहिल्या दोन-तीन सेकंदात कशाच्या मागे जायचं आणि तिथून पब्लिकला घेऊन कुठून बाहेर पडायचं, आम्ही तेच शिकवतो, आणि बुकिंगच्या वेळी फॉर्मवर 'लाइव्ह फायरिंग नाही' असं मोठ्या अक्षरात असतं.

आता भिंती ठोकणं. फौजेत आम्हाला रंगरूट असताना 'नजर की आड' आणि 'फायर की आड' हे दोन प्रकार घोटून घेतले होते. एकामागे माणूस दिसत नाही, दुसऱ्यामागे त्याला गोळी लागत नाही. मॉलमध्ये, ऑफिसात बहुतेक वस्तू पहिल्या प्रकारातल्या असतात आणि लोक त्यांना दुसऱ्या प्रकारातल्या समजून मागे बसतात, आमची सगळी धडपड त्यासाठी आहे. तो गोल भक्कम दिसणारा खांब असतो ना, त्यातले कितीतरी नुसते जिप्सम बोर्डचे, आतून पोकळ, डेकोरेशनसाठी उभे केलेले. आवाज पोकळ आला की तो खांब नाही, बद्द आला, हाताला सणक बसली की आरसीसी, म्हणजे सळईचं काँक्रीट. ऐन वेळेला कोणी ठोकून बघणार नाही, म्हणूनच आधी बघून ठेवायचं आणि रोजच्या राउंडला पाठ करायचं.

तुमच्याच टीममधले ते वयस्कर मामा, ज्यांना लोळवलं म्हणून तुम्ही रागावलात, त्यांनी पहिल्या दिवशी दुपारी आमच्या रिसेप्शनच्या टेबलामागे आड घेतली होती. वरती जाड ग्रॅनाइट, बघणाऱ्याला वाटेल बंकर. उस्तादांनी त्यांना उठवून टेबलाच्या पुढच्या बाजूला हात लावायला सांगितला, नुसतं प्लायवूड आणि त्यावर सनमायका. ग्रॅनाइट आडवं आहे, गोळी समोरून येणार, मग त्या ग्रॅनाइटचा काय फायदा? मामा काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी त्याच ड्रिलला सरळ लिफ्टच्या काँक्रीटच्या भिंतीमागे गेले आणि सोबतच्या दोन पोरांनाही कॉलर धरून ओढत नेलं. तुम्ही तेव्हा बाहेर फोनवर होतात म्हणून सांगतोय. आणि लोळण्याचं म्हणाल तर गुडघ्याचा त्रास असणाऱ्याला आम्ही आधीच विचारतो, मामांना बसून करा म्हटलं होतं, ते म्हणाले नाही मी करतो.

गोळी ती गोळीच, हे मात्र अजिबात नाही सर. ९ एमएम पिस्तुलाची गोळी आणि एके-४७ ची गोळी वजनाला जवळपास सारखीच, साधारण ८ ग्रॅम. पण पिस्तुलाची सेकंदाला साडेतीनशे-पावणेचारशे मीटर जाते आणि एकेची सातशेच्या वर, वेग दुप्पट झाला की मार चौपट होतो. म्हणजे चार इंची विटेची भिंत पिस्तुलाला बऱ्यापैकी टिकते, पण रायफलच्या एकामागून एक गोळ्या एकाच जागी बसल्या तर ती फुटते, त्यामुळे रायफलसमोर तिच्यामागे बसून राहायचं नाही, काँक्रीटचा कॉलम किंवा नऊ इंची भिंत गाठायची. बारा बोरच्या बंदुकीचे छर्रे अंतरासोबत पसरतात, तिथे कडेला उभं राहून खांदा बाहेर ठेवणं महागात पडतं. देशी कट्टा बहुतेक वेळा एकच राउंडचा, परत भरायला वेळ लागतो, तेवढ्यात अंतर वाढवता येतं, पण त्याच्या कमरेला दुसरा खोचलेला नाही हे कोणी सांगावं, म्हणून त्या भरवशावर कोणी हिरोगिरी करू नये हेही आम्ही बजावतो. एवढं वेगळं वेगळं शिकवायला वेळ लागतो, त्याला घोळ म्हणू नका.

गाडीचं तर मुद्दाम लिहितो, कारण अर्धा दिवस पार्किंगमध्ये घालवला याचाच तुम्हाला जास्त राग दिसतोय. गाडीचा दरवाजा म्हणजे पत्रा आणि प्लास्टिक, पिस्तुलाची गोळीसुद्धा आरपार जाते. त्यातल्या त्यात आड मिळते ती इंजिनची आणि पुढच्या चाकाच्या लोखंडाची, म्हणून पुढच्या चाकाच्या बरोबर मागे बसायचं, नाहीतर गाडीखालून पाय उघडे. इलेक्ट्रिक गाडीच्या बॉनेटखाली तर इंजिनच नसतं, आणि तुमच्या पार्किंगमध्ये अशा गाड्या वाढल्यात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत करकरे साहेब, कामटे साहेब, साळसकर साहेब शहीद झाले, ते क्वालिस गाडीत बसलेले होते. एके-४७ चा फायर आला. इतके मोठे अधिकारी, त्यांच्या धैर्याबद्दल बोलण्याची माझी लायकी नाही, पण गाडीचा पत्रा त्या गोळीला अडवत नाही एवढं प्रत्येक गार्डला माहीत असलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. त्याच रात्री सीएसटीवर रेल्वेचे अनाउन्सर विष्णू झेंडे यांच्या हातात फक्त अनाउन्समेंटचा माइक होता, त्यांनी जागा न सोडता प्रवाशांना बाहेर पडायला सांगत राहून कितीतरी लोकांना वाचवलं. बंदूक नसलेला माणूस काय करू शकतो याचं यापेक्षा मोठं उदाहरण माझ्याकडे नाही.

भिंतीला चिकटून उभं राहू देत नाही ही पण तक्रार आहे. भिंतीला घासून उडालेली गोळी भिंतीला धरूनच पुढे सरकते, प्लास्टरचे तुकडे डोळ्यात जातात, म्हणून जागा असेल तर हात-दोन हात मागे. उस्ताद खडूने फरशीवर खुणा करत होते ना, ते समोरून तुमचा कोपर, बुटाचं टोक किती दिसतंय ते मार्क करत होते. आणि बघायचंच असेल तर वरून डोकं काढायचं नाही, कडेने, खालून, आणि एकाच जागेवरून परत परत नाही. आड मिळाली म्हणजे काम झालं असंही नाही, तिथे श्वास घ्यायचा, पुढची आड बघायची आणि निघायचं.

सर्टिफिकेटचं असं आहे की २००५ च्या सिक्युरिटी एजन्सी कायद्याखालचं गार्डचं ट्रेनिंग १६० तासांचं असतं, किमान वीस दिवस, ते सरकारमान्य सेंटरमधूनच होतं. आमचं दोन दिवसांचं हे त्याच्यावरचं आहे, त्याच्या बदल्यात नाही, कोणी दोन दिवसात तसं सर्टिफिकेट देतो म्हणत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

फी परत मागितली आहे, ती देणार नाही, कारण ठरलेलं सगळं शिकवून झालंय. पण तुमच्या मॉलचा फ्लोअर प्लॅन घेऊन या, किंवा सकाळी मॉल उघडायच्या आधी आम्हाला बोलवा. दोन उस्ताद येतील, एक-एक मजला फिरून आरसीसी कॉलम, लिफ्टच्या भिंती, जिने, मागचे सर्व्हिस दरवाजे नकाशावर मार्क करून देतील आणि नाइट शिफ्टच्या पोरांनाही दाखवतील. याचे वेगळे पैसे नाहीत. फक्त त्या दिवशी तुम्ही स्वतः सोबत फिरा आणि सर्व्हिस दरवाजांच्या चाव्या कोणाकडे असतात ते आधी विचारून ठेवा.

संचालक, माजी सुभेदार