एकट्याने डाईव्ह करावं का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

दादा, नमस्कार. एवढं मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल आधी आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की स्कुबा डायव्हिंग करताना बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, हवाच असं म्हणून मी उगाच बाऊ करतेय, गोव्याजवळच्या ग्रँड आयलंडच्या गढूळ पाण्यात बडी असून नसल्यासारखाच, उलट त्याला सांभाळण्यातच आपला डाईव्ह जातो, आणि डायव्हिंग शिकवणाऱ्या मोठ्या संस्था स्वतःच सोलोचा, म्हणजे एकट्याने डाईव्ह करण्याचा, कोर्स घेतात मग अडचण कसली.

यातलं बरंचसं मला मान्य आहे. बोटीवर कोणीतरी सांगतं तू ह्याच्यासोबत जा, त्याचं नावही धड माहीत नसतं, आणि खाली गेल्यावर तो कॅमेरा घेऊन जो सुटतो तो मागे वळून बघतच नाही, असा बडी मलाही नको. आपल्याकडे व्हिजिबिलिटी, म्हणजे पाण्यात जिथवर दिसतं ते अंतर, काही दिवस ३ मीटरसुद्धा नसते हेही खरं. त्यात पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, त्यामुळे कोणी टँक वाजवला तरी तो नेमका कुठल्या बाजूने वाजला हे कानाला कळत नाही, म्हणजे चुकामूक झाली की एक मिनिट शोधायचं आणि सावकाश वर यायचं, बाकी इलाज नाही.

पण म्हणून बडीच नको, हे मला पटत नाही. व्हिजिबिलिटी ३ मीटर असेल तर हाताच्या अंतरावर राहा ना! आणि बोटीवर पाच मिनिटं बोलून घ्या, टँकमधल्या हवेचा दाब किती बारवर आला की परत वळायचं, खुणा कुठल्या, कॅमेरा कोणाकडे. तरी पटलं नाही तर डाईव्ह मास्टरला सरळ सांगा की मला दुसरा जोडीदार द्या, यात लाजण्यासारखं काही नाही.

आता सोलो कोर्सचं. एसडीआय आणि पॅडी या त्यातल्याच दोन संस्था. एसडीआयच्या कोर्सला वय २१ आणि १०० डाईव्ह लागतात, पॅडीच्या सेल्फ रिलायंट कोर्सला वय १८ आणि १०० डाईव्ह. तिथे शिकवतात काय, तर हवेचा दुसरा स्वतंत्र साठा, म्हणजे पोनी बॉटल (छोटा वेगळा टँक) वगैरे, जास्तीचा मास्क, खोली आणि वेळ दाखवणारा दुसरा डाईव्ह कॉम्प्युटर, आणि स्वतःला मिनिटाला किती हवा लागते याचा हिशेब. तुम्ही लिहिलंय की एक टँक आणि ऑक्टोपस पुरतो. दादा, ऑक्टोपस म्हणजे श्वास घ्यायची जास्तीची नळी, ती त्याच टँकला जोडलेली असते हो, टँक संपला की दोन्ही बंद. हिशेब बघा, नेहमीच्या ११ लिटरच्या टँकमध्ये ५० बार उरलेत म्हणजे ५५० लिटर हवा, १५ मीटरवर शांत माणसाला मिनिटाला ५० लिटर लागते म्हणजे ११ मिनिटं, आणि घाबरलेल्याला त्याच्या दुप्पट धरा, साडेपाच मिनिटं. वर यायला पुरेल, कुठे अडकला नसाल तर.

आणि अडकतो माणूस. बुडालेल्या जहाजांवर मासेमारीच्या दोऱ्या, तुटकी जाळी असतातच, आणि जाळं बऱ्याचदा अडकतं मानेमागे टँकच्या व्हॉल्व्हला, जिथे आपला सुरीचा हात नीट पोचत नाही. जोडीदार तेच बघून शांतपणे कापून देतो. १९९२ ते २००३ मधल्या ९४७ डायव्हर्सच्या मृत्यूंचा अभ्यास झालाय, त्यात सुरुवातीचं कारण जिथे कळलं तिथे ४१ टक्के वेळा हवा कमी पडली होती आणि २० टक्के वेळा माणूस अडकला होता. आणि माणूस पाण्यात नेमका कशाने असहाय झाला हे ज्यांच्या बाबतीत कळलं त्यातले २६ टक्के हृदयाच्या त्रासाने. दोन टँक लावा नाहीतर चार, बेशुद्ध माणूस स्वतःला वर आणू शकत नाही. बडी वेळेवर पोचेलच याची हमी मी देत नाही, पण तिथे कोणीच नसेल तर आशाच नाही, आणि मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

तुमचा अनुभव दांडगा आहे, पूर्ण तयारीनिशी तुम्ही सोलो करत असाल तर मी अडवणारी कोण. पण ही चर्चा कालपरवा पहिला कोर्स केलेली पोरंही वाचतात, 'बडी म्हणजे लोढणं' हे तुमचं वाक्य त्यांच्या डोक्यात बसेल. तुमची प्रतिक्रिया मी तशीच ठेवतेय. फक्त खाली एवढं लिहा, की एकट्याने उतरायला लागलात तेव्हा किती डाईव्ह झाले होते, हवेचा दुसरा साठा नेता का, आणि किती वाजता वर येणार हे बोटीवर कोणाला सांगून जाता.