९९ टक्के म्हणजे जास्त कडक नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मोबाइल-लॅपटॉपच्या सफाईवरच्या लेखाखाली आपण तीन आक्षेप घेतलेत. इंदूरच्या दवा बाजारात ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळत असताना ७० टक्क्यांचं सुचवणं म्हणजे पाणी घातलेला माल खपवणं, हा पहिला. सॅनिटायझरमध्येही अल्कोहोलच असतं, मग त्याला नाकं का मुरडायची, हा दुसरा. आणि फोन आयपी ६८, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरू देणाऱ्या दर्जाचा, असेल तर सरळ नळाखाली का धरू नये, हा तिसरा. वर 'उगाच बाऊ केलाय' असा शेराही आहे. बाऊचं राहू द्या, बाकीचं बोलू.

अल्कोहोल जंतूंमधली प्रथिनं विस्कटून टाकतं आणि या कामाला पाणी लागतं. शिवाय ९९ टक्केवालं काचेवरून बघता बघता उडून जातं. ७० टक्केवालं अंमळ रेंगाळतं, आणि तेच हवं असतं. पुसलेला भाग निदान अर्धा मिनिट ओलसर दिसला पाहिजे. त्याआधीच सुकला तर काच चकचकीत होते, जंतू मात्र बरेचसे जागच्या जागी. ९९ टक्क्यांचा खरा उपयोग उघडलेल्या सर्किट बोर्डावर, कारण तिथे पाणी नकोच असतं. जेल रोडच्या दुरुस्तीवाल्यांना ते लागतं ते यासाठी.

तशी बाटली आणलीच असेल तर वाया जाणार नाही. त्यातलं ७० मिली घ्या, ३० मिली डिस्टिल्ड वॉटर घाला. बॅटरीत घालायला मिळतं ते चालेल. नळाचं नको, बोरिंगचं तर मुळीच नको, क्षारांचे पांढुरके डाग काळ्या काचेवर उठून दिसतात. बाटलीवर नाव लिहा आणि ती गॅसच्या ओट्यापासून, देवघरातल्या दिव्यापासून लांब ठेवा. याची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेते, मग मे महिन्यातल्या इंदूरबद्दल काय सांगावं.

आता सॅनिटायझर. जेल घट्ट व्हावं म्हणून त्यात कार्बोमरसारखं काही असतं, हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन. अल्कोहोल उडतं, ही मंडळी मागे राहतात. पडदा चिकट होतो, स्पीकरच्या जाळीत थर बसतो आणि त्यावर धूळ. पातळ स्प्रेवालं तरी चालेल का? जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातच १.४५ टक्के ग्लिसरीन आणि ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. ॲपल आपल्या उपकरणांवर ब्लीच आणि हायड्रोजन पेरॉक्साइड लावू नका म्हणते, ७० टक्के आयसोप्रोपिलच्या वाइप्सना मात्र हरकत घेत नाही. हातासाठी बनवलेली वस्तू हातालाच लावावी.

आयपी ६८ ची चाचणी नव्याकोऱ्या फोनवर, साध्या स्थिर पाण्यात होते. नळाची जोराची धार, गरम पाणी, साबण हे त्यात धरलेलं नसतं. साबणाचं पाणी तर साध्या पाण्यापेक्षा बारीक फटीत लवकर शिरतं. एकदा पडदा किंवा बॅटरी बदलली असेल तर मूळ सील तसंच राहिलंय असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

एक मुद्दा लेखात दोन ओळींत आटोपला होता, तो इथे वाढवतो. स्वच्छ करणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं, आणि क्रम चुकला की दुसरं फुकट जातं. शेव खाताना हाताळलेल्या फोनवर तेलाचा पापुद्रा असतो, जंतू त्याखाली सुरक्षित राहतात. म्हणून फोन बंद करून, चार्जर आणि कव्हर काढून, आधी पाव लिटर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे एक-दोन थेंब टाकून त्यात पिळलेल्या मायक्रोफायबर कापडाने पुसा, मग नुसत्या ओलसर कापडाने, मग कोरड्या. अल्कोहोल त्यानंतर, आणि तेही कापडावर. फवारा थेट उपकरणावर मारला की द्रव लॅपटॉपच्या बटणांखाली उतरतं. कापड दाबल्यावर थेंब पडला तर ते जास्त ओलं आहे. रगडू नका, बोटांचे ठसे बसू न देणारा थर अल्कोहोलइतकाच घासण्यानेही जातो. मॅट पडद्यावर कंपनीने परवानगी दिली असेल तरच अल्कोहोल. ॲक्रिलिकवर नाहीच, बारीक तडे जातात. चामड्याच्या कव्हरचा रंग उतरतो.

चार्जिंगच्या खाचेत टाचणी घालू नका. टाइप-सी असेल तर मधल्या पातळ पट्टीला धक्का न लावता, फोन बंद ठेवून, लाकडी टूथपिकने कडेचा दाबलेला कापूस अलगद उकरा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात ओल आणि तेल दोन्ही येतं.

रंगपंचमीच्या गेरमधून, म्हणजे राजवाड्यावरच्या रंगाच्या मिरवणुकीतून, परतल्यावर फोनवर गुलाल असतोच. त्याला आधी पाणी किंवा अल्कोहोल लावलं की त्याचा चिखल होऊन स्पीकरच्या जाळीत बसतो. जाळी जमिनीकडे करून कोरड्या, मऊ, नव्या टूथब्रशने झटका, सगळा सुटा रंग पडला की मगच कापड ओलं करा. राजवाड्याकडे निघण्याआधीच फोन झिपच्या पिशवीत घातला असेल तर हेही करावं लागत नाही.